जेवणानंतर दोन टोपणं

डोळे

माझे डोळे पिवळे झालेत हे मला एका शेतकऱ्यानं सांगितलं.

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी सोयाबीनचा ओलावा बघतो. काम साधं आहे. पोत्यात पोकळ सळी खुपसायची, मूठभर माल बाहेर काढायचा, मशीनच्या वाटीत टाकायचा, बटण दाबायचं. आकडा येतो. ओलावा जास्त निघाला की भाव पडतो आणि शेतकरी माझ्यावर उखडतो. "चांगली उन्हं दिलीत की हो मुनीम, दाण्याला दात लागत न्हाई." मी म्हणतो, "मामा, मशीन खोटं बोलत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की झोपेतसुद्धा बोलत असेन.

त्या दिवशी असाच एक मामा तावातावानं भांडत होता. भांडता भांडता एकदम थांबला. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "माझं सोयाबीन राहू द्या, आधी तुमचे डोळे बघा. हळदीच्या नवरदेवागत पिवळे झालेत."

हमाल हसले. मीही हसलो. पोट तर कधीचं फुगलं होतं, पँटचं बटण लागत नव्हतं, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. ते सगळं मला दिसत होतं. दिसणं आणि वाटणं यात लई अंतर असतं.

लातूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, नांदेडला जा. माझी बायको सुनंदा सोबत आली. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी माझ्या पोटावर बोटं ठोकली आणि विचारलं, "किती दिवसांपासून घेता?"

मी म्हणालो, "कधीमधी."

सुनंदा म्हणाली, "रोज, मॅडम. लग्नाच्या आधीपासून."

मॅडमनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "लिव्हर कडक झालंय. सिरोसिस म्हणतात याला. जेवढं गेलं ते परत येणार नाही. जेवढं राहिलंय, त्यावर माणूस पुष्कळ वर्षं जगू शकतो. पण दारूचा थेंबसुद्धा नाही."

पुढचं सगळं सुनंदानंच विचारलं. काय खायचं, मीठ चालतं का, कामावर कधी जाता येईल. मी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटमधलं फूल बघत बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी विचारलं, "लातूरला शेवटची बस कधी हाय?"

"तुमच्यासाठी आज बस नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही ॲडमिट आहात."

वॉर्ड

वॉर्डातले पहिले दिवस मला नीट आठवत नाहीत. दारू एकदम बंद झाली की अंग बंड करून उठतं. हात असे थरथरायचे की पेला ओठाला लागायचा नाही. भिंतीवरनं सोयाबीन ओतल्यासारखं खाली येताना दिसायचं आणि मी सुनंदाला सांगायचो, पोतं धर, सांडून राहिलंय. ती बिचारी पदर पसरून उभी राहायची. धरलं, म्हणायची, झोपा आता. हे तिनंच मला नंतर सांगितलं. हसत सांगितलं, पण डोळे पुसत.

ते उतरल्यावर मग रोजचं चक्र लागलं. सकाळी वजन, मग पोटाभोवती टेप. एकदा पोटातनं सुईनं पाणी काढलं, ते बाटलीत साचताना मी बघत होतो. रंग पातळ वरणासारखा होता. सुनंदा तोंड फिरवून बसली होती. मला काहीच वाटलं नाही.

हे मला नीट सांगायचंय, कारण दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणतात भीती वाटते, रडू येतं. मला यातलं काही नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. माझी पोरगी वैष्णवी आठवीत आहे. ती भेटायला आली आणि माझ्या पायाजवळ बसून रडली, तेव्हा मी तिच्या वेणीला लावलेली रिबीन बघत होतो. रिबीन निळी होती. एवढंच.

चांगलं म्हणावं असं एक होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांकडं लिंबं असायची. बिनमिठाचं वरण घशाखाली उतरत नव्हतं, तर ते रोज दुपारी अर्धं लिंबू माझ्या ताटात पिळायचे. विचारायचे नाहीत, सरळ पिळायचे. माझ्या आधी ते घरी गेले आणि जाताना उरलेली लिंबं माझ्या उशाशी ठेवून गेले.

अभ्यासात नाव

सुट्टी व्हायच्या आधी डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट विचारली. दवाखान्यात एक संशोधन चालू होतं. पिण्याची ओढ कमी करणारी एक गोळी आहे, ती लिव्हरच्या पेशंटला कितपत उपयोगी पडते ते बघायचं. कुणाला खरी गोळी मिळणार, कुणाला दिसायला तशीच पण बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते मॅडमनाही माहीत नसणार. महिन्याच्या महिन्याला नांदेडला यायचं, लघवी तपासायची, अधूनमधून बरगडीवर टकटक करणारं एक मशीन लावायचं. त्यानं लिव्हर किती कडक आहे ते कळतं.

मी हो म्हणालो. मोठं मन वगैरे काही नव्हतं. नाही म्हणायला जी ताकद लागते ती नव्हती.

हे सगळं बघायला कांबळे सिस्टर होत्या. बारीक अंगाच्या, मोकळ्या बोलण्याच्या. त्या म्हणाल्या, "दादा, लघवीच्या तपासणीत दोन-तीन दिवस आधी घेतलेली दारूसुद्धा कळते. पण निघाली म्हणून आम्ही तुम्हाला हाकलत नाही. पिलात तरी या. खरं सांगा, एवढंच."

मग विचारलं, "आम्ही दिलेल्या गोळ्या सोडून दुसरं काही औषध चालू आहे का?"

"न्हाई," मी म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं. पुढंही त्या दर वेळी विचारायच्या आणि मी दर वेळी न्हाई म्हणायचो.

सुनंदा मध्येच म्हणाली, "सिस्टर, तपासणीत काय निघालं ते मला फोन करून सांगायचं."

"दादांची परवानगी असेल तर सांगू."

"द्या परवानगी," सुनंदा मला म्हणाली. मी मान हलवली. मग ती सिस्टरकडं न बघता माझ्याकडं बघून बोलली, "ऐका आता. मी हमेशा म्हणत आले, जाते, जाते, अन् गेले न्हाई. ह्या बारीला तसं व्हनार न्हाई. तपासणीत निघालं तर मी पोरीला घेऊन निलंग्याला बापाकडं. मंग तुम्ही अन् तुमची बाटली."

ती ओरडली नव्हती. म्हणून मला कळलं की हे खरं आहे.

घर

लातूरला आलो. आडतीच्या मालकानं सांगितलं, मुनीम, आराम करा, जागा तुमचीच आहे. मी खाटेवर पडून पंखा बघायचो. पिण्याची ओढ यायची का? यायची. संध्याकाळी यार्डातनं ट्रक सुटायची वेळ झाली की जीभ कोरडी पडायची. पण उठून जायला उभं राहावं लागतं, चपला घालाव्या लागतात, आणि मला तेवढंही होत नव्हतं. मी दारू सोडली असं म्हणायला जीभ रेटत नाही. मी पडून राहिलो.

सुनंदा मात्र कंबर कसून लागली. मिठाशिवाय भाजीला चव यावी म्हणून आमसूल, कोथिंबीर, भाजलेला लसूण, काय काय करायची. आणि निलंग्याहून माझे सासरे भेटायला आले ते कोरफडीच्या आसवाची बाटली घेऊन आले. त्यांना पूर्वी जबर कावीळ झाली होती आणि ते ह्याच आसवानं उठून बसले, हे निलंग्यात त्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा. "लिव्हरला याच्यासारखं न्हाई," ते म्हणाले. "जेवणानंतर दोन टोपणं. कोमट पाण्यात."

बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्याशेजारी उभी राहिली. दोन्ही वेळा ताट उचललं की सुनंदा त्या बाटलीचं टोपण भरायची, एक आणि दोन, पेल्यात पाणी घालून द्यायची. गुळासारखं, मागून जरा कडवट. संपली की दुकानातनं तीच दुसरी आणायची. यात लपवाछपवी काही नव्हती. सिस्टरांनी औषधाचं विचारलं तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. ओवा, हिरडा, आसव हे आमच्याकडं औषधात धरतच नाहीत.

पहिल्यांदा निघालं

पुढच्या महिन्यात मी एकटाच नांदेडला गेलो. सिस्टरांनी डबीत पट्टी बुडवली, रेघा बघितल्या, दुसरी पट्टी बुडवली.

"दादा, थोडं निघतंय."

"मी पिलेलो न्हाई, सिस्टर."

"बरं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "पुढच्या वेळी बघू."

मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि मला यार्डातले मामा आठवले. दाण्याला दात लागत न्हाई म्हणणारे. त्यांच्याकडं मी कसं बघायचो ते आठवलं. पोत्यात सळी खुपसली, मूठभर काढलं, आकडा आला, विषय संपला. मी तोंड मिटलं.

परतीच्या बसमध्ये तर मला वाटायला लागलं, पिलो असेन का मी? एवढी वर्षं पिऊन "नाही" म्हटलंय, कधी कधी तर मला खरंच आठवायचं नाही. झोपेत उठून गेलो असेन. माझ्यापेक्षा मशीनला जास्त माहीत. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही.

घरी पोचलो तेव्हा सिस्टरचा फोन आधीच येऊन गेला होता. सुनंदानं घर धुंडाळायला सुरुवात केली. गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. कूलरच्या मागं, मोटारसायकलच्या डिकीत, बाथरूमच्या पत्र्यावर, माझ्या जुन्या बुटांत. मी पूर्वी जिथं जिथं ठेवायचो ती सगळी ठिकाणं तिला पाठ होती. काही सापडलं नाही. तिनं हात धुतले, ताट वाढलं. जेवण झाल्यावर फळीवरची बाटली काढली, दोन टोपणं भरली आणि पेला माझ्यासमोर ठेवला.

"घ्या," म्हणाली. "तुमचं काही का व्हईना, लिव्हर तर जगलं पायजे."

वैष्णवीनं तेव्हापासून एक नवीन सुरू केलं. शाळेतनं आली की माझ्याजवळ यायची आणि म्हणायची, "पप्पा, हा करा." मी तोंड उघडून हा करायचो. ती नाक जवळ आणायची. "दारूचा न्हाई, औषधाचा वास येतो," असं आईला ओरडून सांगायची. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत राहायची.

दुसऱ्यांदा

पुढच्या महिन्यात परत निघालं. वैष्णवीला दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. सुनंदानं बॅग भरली, देवापुढचा दिवा विझेपर्यंत बसून राहिली आणि मग पोरीचा हात धरून निलंग्याच्या बसला गेली. शब्द पाळणारी बाई आहे.

माझे थोरले भाऊ, अण्णा, गावाकडनं माझ्या सोबतीला आले. त्यांना खिचडी सोडून काही येत नाही. आम्ही दोन्ही वेळा खिचडी खायचो आणि ते मला गोळी देऊन बाहेर बाजेवर बसायचे. आसव वगैरे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. जेवण झालं की मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. फळीकडं नजर जायची. मला वाटायचं, सुनंदाची आठवण येते.

दिवाळीनंतर अण्णांबरोबर नांदेडला गेलो. पट्टी कोरी निघाली. कांबळे सिस्टर खूश झाल्या. "शाब्बास दादा!" म्हणाल्या.

अण्णांनी बाहेर येऊन पानाची पिंक टाकली. "बघ. बायको गेली तवा कुठं अक्कल आली. म्हंजे आधी पीतच व्हतास की, लेका."

ती होती तेव्हा निघालं, ती गेली आणि बंद झालं. हिशोब अगदी चोख बसत होता. मीसुद्धा मनात म्हणालो, खरंय अण्णांचं. पीतच होतो म्हणायचं.

अण्णांनी निलंग्याला फोन करून सांगितलं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सुनंदा पोरीला घेऊन परत आली. दारात उभी राहून माझ्याकडं बघितलं. "गालावर जरा मास आलंय," एवढंच म्हणाली. पिशवीतनं आसवाची नवी बाटली काढून फळीवर ठेवली. त्या दिवशी तिनं भाकरी, मेथीची भाजी केली, आणि जेवण झाल्यावर पेला हातात दिला. घोट खाली उतरला आणि मला बरं वाटलं. आली, म्हटलं. घर जागेवर आलं.

नांदेडचा व्हरांडा

पुढच्या खेपेला सुनंदा माझ्यासोबत आली. त्या दिवशी लिव्हरचं टकटक मशीनही लावायचं होतं आणि तिला ते बघायचं होतं. सकाळची बस धरली. अहमदपूरला ती उतरून पोरीसाठी बोरं घेऊन आली. खुशीत होती. मला म्हणाली, "ह्या बारीला बी कोरी निघाली की आपण माहूरला रेणुकादेवीला जाऊन येऊ. मी बोलले हाव देवीला."

मशीनचा आकडा चांगला आला. लिव्हर आणखी कडक झालं नव्हतं. सुनंदानं मॅडमना दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग सिस्टरांनी पट्टी बुडवली.

रेघा बघितल्या आणि दुसरी पट्टी काढून तीही बुडवली. मग म्हणाल्या, "ताई, परत निघालंय."

सुनंदा उभी होती ती तशीच खाली बाकावर बसली. माझ्याकडं बघितलं नाही. मी तिच्याकडं बघत होतो. तिच्या पायातली चप्पल नवीन होती, माहूरला जायचं म्हणून घेतली असणार.

"सिस्टर," ती म्हणाली, "आता फोन करायचा न्हाई मला. माझं काम संपलं. मी आज पोरीला घेऊन जाते अन् परत येत न्हाई."

मला हे ऐकू आलं, समजलं. बोलायला पाहिजे होतं. तोंडात जीभ होती, शब्द होते. पण दोन्ही कुणा दुसऱ्याचे असल्यागत मी उभा राहिलो.

सिस्टर मॅडमना सांगायला आत गेल्या. आम्ही व्हरांड्यात. सुनंदानं पिशवी उघडली, डबा काढला. "बसा," म्हणाली. "तुम्हाला उपाशी ठेवू नका म्हणून मॅडमनी सांगितलंय." तिचा आवाज कोरडा होता. पोळी, दुधीची भाजी. मी खाल्लं. ती जेवली नाही. मी हात धुऊन आलो तर तिनं पिशवीतनं बाटली काढली होती. लातूरहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. एक टोपण भरलं, पेल्यात ओतलं. दुसरं भरलं. पाणी घातलं.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या.

"ताई, हे काय देताय?"

"लिव्हरचं हाय," सुनंदा म्हणाली. "माझ्या वडलांनी दिलेलं. मी एक दिवस चुकवत न्हाई."

सिस्टरांनी बाटली हातात घेतली, झाकणाजवळ नाक नेलं, मग मागचा कागद वाचला. खाली बसल्या, सुनंदाच्या समोर, उकिडव्या. हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हे आसव आहे. हे आंबवून करतात. त्यात आपोआप थोडी दारू तयार होते. इथं लिहिलंय बघा."

"कशात? ह्याच्यात?"

"हो."

सुनंदानं कागद वाचला. मग पेल्यात बघितलं, जणू दारू तळाशी दिसणार होती. मग माझ्याकडं. "म्हंजे मी... मीच?"

आणि ती रडायला लागली. वॉर्डात रडली नव्हती, निलंग्याला जाताना रडली नव्हती. व्हरांड्यातले लोक बघायला लागले. सिस्टरांनी तिचा हात धरून ठेवला. "नाही ताई, चूक आमची पण आहे," त्या म्हणत होत्या. "आम्ही औषध विचारलं. घरात काय देता, ते विचारलं नाही."

डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजपासून बंद. आसव, अरिष्ट, काढा, काहीही असो, आम्हाला दाखवल्याशिवाय नाही." मग मला म्हणाल्या, "तुम्ही प्यायला नव्हतात. तर भांडलात का नाही?"

मी म्हणालो, "मॅडम, मशीन खोटं बोलत न्हाई."

"मशीन खोटं बोललं नाहीच," त्या म्हणाल्या. "पण दारू कुणाच्या हातानं पोटात गेली हे त्याला सांगता येत नाही. ते तुम्हाला सांगावं लागतं."

परतीची बस

खिडकीशी सुनंदा, तिच्या शेजारी मी. बाटली तिनं दवाखान्यातच ओतून टाकली होती. माझ्या हातावर हात ठेवून ती बसली होती. लग्नानंतर बसमध्ये असा हात तिनं कधी ठेवला नव्हता. "माफ करा मला," असं म्हणत होती, लोहा गाव येईपर्यंत म्हणत होती. "मी तुम्हाला पिणारा म्हणले. पोरीनं तोंडाचा वास घेतला तुमच्या. अन् मीच पाजत व्हते, हो."

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. सगळं माझ्या बाजूनं लागलं होतं. मी निर्दोष होतो, बायको माझी होती, माहूरला जायचं ठरणार होतं. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. भीती वाटली. दुसरी बाटली नाही, ह्या विचारानं भीती वाटली.

"सुनंदा," मी म्हणालो, "मला ते आवडायचं."

"काय?"

"ती दोन टोपणं. जेवण कधी व्हतंय ह्याची मी वाट बघायचो. खाली उतरलं की छातीत ऊब यायची. मला वाटायचं, तुझ्या हातचं हाय म्हणून बरं वाटतंय. तू निलंग्याला गेलीस तवा मी फळीकडं बघत बसायचो."

तिनं हात काढून घेतला.

"कळलं व्हतं का तुम्हाला?" तिनं विचारलं. "त्याच्यात काय हाय ते?"

"खरं सांगू? माहीत न्हाई. जिभेला कळलं असंल. मला कळलं न्हाई. शपथ घालू नको, शपथा मी लई मोडल्यात."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तुरीचं पीक फुलावर होतं, सगळीकडं पिवळं. मला वाटलं, आता ही लातूरला उतरेल आणि तशीच निलंग्याच्या बसमध्ये बसेल, आणि ह्या वेळी चूक कुणाची ते सांगायला कुठलं मशीन नसेल. ते मला सहन होणार नाही हेही कळलं. मी रडलो. भर बसमध्ये, शेजारी कंडक्टर तिकिटं फाडत असताना.

अहमदपूर मागं पडल्यावर ती बोलली, काचेकडं बघूनच.

"पयल्यांदा दिलं तवा तुम्ही तोंड वाकडं केलं व्हतं. मंग करायचं बंद झालात. मी बापाला फोन करून सांगितलं, आता गोड मानून घेऊन राहिलेत. मला वाटलं, बरे व्हायला लागलात."

लातूरला आम्ही उतरलो. निलंग्याची बस शेजारच्याच फलाटावर उभी होती, कंडक्टर ओरडत होता. सुनंदानं त्या बसकडं बघितलं. मग बोरांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चला. पोरगी वाट बघत असंल."

आता

ज्यांच्या घरात माझ्यासारखा माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. कोठी शोधा, बूट शोधा, पण फळीवर उघड्यावर काय आहे तेही एकदा डॉक्टरला नेऊन दाखवा. आणि पेशंटला सांगायचं म्हणजे, नाही पिलात तर भांडा. लाज सोडून भांडा. गप्प बसलेल्या माणसाच्या बाजूनं कुणी बोलत नाही.

त्यानंतर पट्टी कोरी निघत आलीय. मी परत आडतीवर जातो. कुणी मामा म्हणाला की चांगलं वाळवलंय, तर मी विचारतो, येताना पोती कशावर ठेवली होती, पहाटे दव पडलं होतं का. मालक म्हणतो, मुनीम हल्ली लई चौकशा करून राहिले. माहूरला अजून गेलो नाही. सुनंदा म्हणते, घाई नाही, देवी कुठं पळून चालली नाही.

आता जेवणानंतर फक्त दवाखान्याची गोळी. ती खरी आहे की बिनऔषधाची, अजून कुणालाच माहीत नाही. सुनंदा ती तळहातावर आणून देते आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहते. गोळी लगेच गिळली तर काही चव लागत नाही. मी ती मुद्दाम जिभेवर थोडा वेळ ठेवतो, मग ती कडू लागते आणि माझं तोंड वाकडं होतं. सुनंदा ते नीट बघते. मग भांडी घासायला जाते.